रिकामा रकाना

मायाने लॅपटॉपच्या पडद्यावर प्लास्टिकची पट्टी आडवी धरली आणि आलेखावरचे ठिपके एकेक करून मोजले. नऊ. सलग नऊ दिवस एका विहिरीचं पाणी मोटर बंद असताना खाली जात होतं आणि मोटर चालू असताना वर येत होतं.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला हे पाहून हसू यायला हवं होतं. मायाला आलं नाही. पहिल्या उलट्या ठिपक्याची तारीख तिच्या ओळखीची होती. त्याच दिवशी तिची तीन महिन्यांची मेहनत 'ओल'मध्ये दाखल झाली होती.

'ओल' हा विहिरींच्या पाण्याची नोंद ठेवणारा मोफत प्रोग्राम होता. अकोल्याच्या एका तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या श्याम सरांनी तो सहा वर्षांपूर्वी सुरू केला आणि सगळ्यांना खुला ठेवला. कुणीही त्याचा कोड वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. एकतीस गावांतले एकतीस निरीक्षक रोज सकाळी विहिरीत टेप सोडत, काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजत आणि मोबाइलवर आकडा भरून पाठवत. आकड्याच्या खाली एक छोटा रकाना होता. त्या वेळी विहिरीवरची मोटर चालू होती की बंद, एवढंच त्यात सांगायचं. दोन बटणं, त्यातलं एक दाबायचं.

दार उघडं असल्यामुळे हात पुष्कळ आले, आणि प्रत्येक हाताचं शुद्धलेखन वेगळं. 'विहीर' तीन तऱ्हांनी लिहिली होती, 'निरीक्षक' चार. कोडमध्ये एक, मदतीच्या पानावर दुसरं, निरीक्षकांच्या मार्गदर्शिकेत तिसरंच. एकदा तर दोन लेखनांमुळे प्रोग्रामने एकच विहीर दोनदा मोजली होती. तेव्हा मायाने दोनशे पानी वही घेतली, एकशे सत्तावन्न शब्दांची यादी केली, प्रत्येकाचं एकच लेखन ठरवलं आणि फाइलमागून फाइल निवडत गेली, सुपात तांदूळ निवडावेत तशी. अमरावतीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आई विचारायची, "झाले का तुहे शब्द?" ते संपले तेव्हा मायाला चक्क चुकल्यासारखं वाटलं होतं.

त्या यादीत 'उपसा' हा शब्दही होता. जुन्या बटणांवर एकीकडे 'उपसा बंद' होतं आणि दुसरीकडे, कुणा दुसऱ्याच्या हातचं, 'ऊपसा चालू'. मायाने दोन्ही ठिकाणी पहिला उ ऱ्हस्व केला. बटणांचा क्रम प्रोग्राम अकारविल्हे लावतो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आधी 'बंद' वर आणि 'चालू' खाली असायचं. आता 'चालू' वर गेलं आणि 'बंद' खाली आलं.

तिने श्याम सरांना फोन लावला.

"सर, बटणांचा क्रम माझ्यामुळे फिरला. मी तपासलं नाही."

"फिरला तर फिरला. बटणावर लिहिलेलं असते ना मोठ्या अक्षरात. बाकी तीस जणाइले कळलं, याच बुवाले काहून नाई कळलं?"

"तेच पाहायचंय."

"काय पाहतं त्यात? न पाहता बटण दाबून राहिला तो. आज बटण, उद्या आकडा. तशीही पाच गावं तो रकाना भरतच नाईत. तीन वर्षं झाली सांगून सांगून. मी तर मार्गदर्शिकेत लिहूनच टाकलं."

मायाला ते वाक्य पाठ होतं. 'काही निरीक्षक आळसामुळे हा रकाना रिकामा सोडतात.' त्यातल्या 'निरीक्षक'मधली री तिनेच दीर्घ केली होती.

"मग त्या विहिरीवरच्या पुंजाजी काकांचं काय करायचं?"

"रविवारच्या बैठकीत ठरवू. मोबाइल गावातल्या दुसऱ्या कोणाले देऊ आणि त्याच्या तीन वर्षांच्या नोंदी बाजूला काढू. शंका आली की धान्य अख्खं पाखडा लागते." सर पुढे म्हणाले, "आणि हे पाय, रविवारीच तुह्या किल्लीचंही आहे. नसत्या भानगडीत पडू नको."

किल्ली म्हणजे मुख्य कोडमध्ये स्वतः बदल घालण्याचा अधिकार. सहा वर्षांत तो एकट्या सरांकडे होता. तो दुसऱ्या कुणाला द्यायचा तर मायाला, असं सरांनी दिवाळीतच बोलून दाखवलं होतं. नोकरीच्या अर्जात अभिमानाने लिहावं असं मायाजवळ दुसरं काही नव्हतं.

तिने शुक्रवारी सकाळची मूर्तिजापूरची एसटी धरली.

कारंजा रस्त्यावरच्या फाट्यावर ती काळीपिवळीतून उतरली तेव्हा साडेनऊ झाले होते. हरभरा घाट्यावर आला होता. पुंजाजी विहिरीच्या काठावर उभे होते. सत्तरीला टेकलेले, बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात निळ्या खडूचा तुकडा.

"जय भीम, काका. मी माया. अमरावतीहून."

"जय भीम. तूच का ते कंप्युटरवाली? मले वाटलं कोणी मोठी बाई येईन." त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जेवत नाई का वं तू? चाल, लाईन बारा वाजेलोक हाय. मोटर सुरू हाय तेवढ्यात मोजू."

पोलादी टेपच्या टोकाकडच्या मीटरभर भागाला त्यांनी खडू फासला. मग विहिरीच्या काठाला टेप टेकवून ती अशी सोडली, की बाजूला धडधडणाऱ्या मोटरच्या आवाजातही टेपचा एक ठोका भिंतीला लागला नाही. बारा मीटरचा आकडा काठाला आला तशी बोटाने दाबली, श्वासभर थांबले आणि गुंडाळत वर घेतली. खडू जिथे भिजला होता तिथपर्यंत निळा गडद झाला होता. त्यांनी ती रेघ उन्हाकडे धरली.

"साडेअठ्ठावन भिजलं. बारातून गेलं, राहिलं अकरा, साडेएकेचाळीस."

मायाचं गणित अजून चाललं होतं. उत्तर तेच आलं.

"पाण्याच्या सरकारी खात्यात सायबाइच्या हाताखाली खलाशी होतो," ते म्हणाले. "सायेब लोकं वही घेऊन गाडीत बसत, टेप माह्या हातात. रोजंदारीवर लागलो, मंग कायम झालो. एकेचाळीस वर्सं टेप सोडून राहिलो पोरी. आकडा चुकला नाई."

त्यांनी मोबाइल काढला आणि आकडा झरझर भरला. मग अंगठा थांबला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि चष्म्याच्या डबीत क्षणभर डोकावून खालचं बटण दाबलं.

"काका, मोटर चालू आहे ना?"

"मंग! कान नाई का तुले?"

"तुम्ही 'बंद' दाबलं."

पुंजाजींनी मोबाइल स्वतःकडे वळवला. बराच वेळ ते पडद्याकडे पाहत राहिले. पडदा विझला तरी पाहतच होते.

"चष्मा," ते म्हणाले. "नंबर वाढला असन."

डबी अजून त्यांच्या डाव्या हातात उघडी होती. आत औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवला होता. त्यावर बॉलपेनने, पुन्हा पुन्हा गिरवून, एक अक्षर काढलं होतं. ऊ. त्याची शेपटी जरा जास्तच लांब ओढली होती. शेजारी एक छोटी मोटर, तिच्या नळीतून पडणारं पाणी. मोटरचं चित्र इतकं नेमकं होतं की पायाचे चार बोल्टसुद्धा दिसत होते. अक्षर मात्र लिहिलेलं नव्हतं, तेही चित्रासारखंच काढलेलं होतं.

मायाने वर पाहिलं. पुंजाजी तिच्याकडेच पाहत होते. त्यांनी डबी मिटली नाही, पुढेही केली नाही. मोटर धडधडत होती आणि पाटात पाणी जात होतं.

"काका," माया म्हणाली, "ती बटणं आम्ही उलटी केली. वरचं खाली, खालचं वर. तुम्हाला न सांगता."

"तुमी केली?"

"मी केली. मी एकटीने."

त्यांच्या खांद्यांमधून काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि दुसऱ्याच क्षणी आवाज चढला.

"मंग फोन कराले काय झालं होतं? ज्यानं बटणं शिकवली त्या पोट्ट्यानं सांगतलं होतं, खालचं, शेपटीवालं, मोटर चालू. मी म्हणतो शेपटी कोठी गेली! दहा दिवसापासून पाहून राहिलो. सांगता नाई येत तुमाले?"

"चुकलं माझं."

"चुकलंच!"

त्यांनी डबी मिटून खिशात टाकली. टेप तेलाच्या फडक्याने पुसत पुसत दोघं बांधावरून गावाकडे निघाले. अर्ध्या वाटेत ते पाठ न वळवता म्हणाले, "सून मास्तरीण हाय माही. यंदा तिच्या शाळेत झेंडावंदनाले मलेच बोलावलं. भाषण बी केलं मी."

"कशावर?"

"वाचनावर."

दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

घरी पुंजाजींच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी, जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ज्वारीची भाकर आणि पातोडीचा रस्सा. सून प्रणाली सकाळची शाळा आटोपून आली आणि पर्स खुंटीला अडकवता अडकवताच विचारलं, "मॅडम, बाबांची काय चूक झाली? गावात चर्चा आहे की मोबाइल काढून घेणार. अहो, ते पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. इतकं साधं बटण कसं चुकतील?"

पुंजाजी भाकर मोडत होते. घास हातातच राहिला.

"त्यांची चूक नव्हती," माया म्हणाली. "आमच्याकडून बटणांची अदलाबदल झाली होती. नोंदी बरोबर आहेत त्यांच्या."

"पाहा! मी म्हटलंच होतं."

मनकर्णाबाईंनी मायाच्या ताटात न विचारता आणखी एक भाकर टाकली, वरून रस्सा ओतला. तिला निरोप द्यायला त्या एकट्याच फाट्यापर्यंत आल्या.

"पोरं शाळेत, सून शाळेत," काळीपिवळी दिसू लागली तशा त्या म्हणाल्या. "सकाळून घरात आमी दोघंच. त्याइचे डोळे दुखते, म्हणून पेपर मी वाचून दाखोतो. लगनापासून दुखून राहिले." आणि तिच्या पिशवीत हरभऱ्याची ओली जुडी कोंबली.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागायला पाऊण तास होता. मायाने बाकावर लॅपटॉप उघडला. बटणांचा क्रम जुन्यासारखा करायचा बदल चार ओळींचा होता, तो पाच मिनिटांत झाला. खाली चौकट होती: बदलाचं कारण. 'ओल'मध्ये कारणाशिवाय एक स्वल्पविरामही हलत नसे. हा नियम सरांचा, पण तो समजावून सांगणारं पान मायाने लिहिलं होतं. 'कारण पूर्ण लिहा. पुढच्या माणसाला तुम्हाला फोन न करता कळलं पाहिजे.'

तिने पूर्ण कारण लिहिलं. 'निरीक्षकाला वाचता येत नसल्यामुळे' इथपासून सुरुवात केली. वाक्य बरोबर होतं, लेखनही यादीप्रमाणे होतं. हे पान कुणालाही दिसणार होतं, कायमचं. 'ओल'मधलं लिहिलेलं पुसता येत नाही, हीच तर त्या प्रोग्रामची कीर्ती होती. उद्या एखादी मास्तरीण सासऱ्यांचं नाव शोधून पाहील आणि ते तिथे असेल.

मायाने वाक्य खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. बटणावरची अक्षरं बारीक होती, असं लिहिलं; ते खोटं होतं, म्हणून खोडलं. शेवटी लिहिलं: 'उपसा या शब्दाचं लेखन एकसारखं करताना बटणांचा क्रम उलटला. मी तो तपासला नाही आणि निरीक्षकांना कळवलं नाही. पुंजाजी यांचे सर्व आकडे बरोबर आहेत. फक्त मधल्या दिवसांचा मोटरचा शेरा उलटा धरावा. चूक माझी.'

रविवारची बैठक मोबाइलवरच झाली. 'ओल'च्या कोडवर काम करणारा चांदूर बाजारचा कुंदन हुशार आणि जिभेचा तिखट; त्याने लगेच हात वर केला.

"कारण अर्धंच आहे. क्रम सगळीकडे उलटला. मग एकाच गावात चूक कशी? हे त्यात नाही."

"नाही," माया म्हणाली.

"तुले माहीत आहे का?" श्याम सरांनी विचारलं.

"आहे."

"मग लिही ना बाप्पा."

"ते कारण माझं नाही, सर. म्हणून मला लिहिता येत नाही. आकडे मी स्वतः शेजारी उभी राहून पाहिले. माझ्यापेक्षा नेमके आहेत. तेवढ्यावर त्यांची विहीर ठेवा."

सर म्हणाले, "विहीर ठेवू. तुह्या शब्दावर ठेवू. पण किल्ली आज देता नाई येत, माया. ज्याच्या हाती किल्ली, त्यानंच कारण अर्धं ठेवलं तर बाकीच्याइले काय सांगू? नियम तर तूच लिहिला."

"हो, सर."

किल्ली कुंदनला मिळाली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती; तिने फक्त चहा आणून ठेवला.

पुढच्या आठवड्यात मायाने आणखी एक बदल पाठवला. दोन्ही बटणांवर शब्दाच्या आधी एक छोटं चित्र: एका मोटरच्या नळीतून पाणी पडतं आहे, दुसरी कोरडी. चित्रं तिने पुंजाजींकडून मागवली होती. त्यांनी ती वहीच्या कागदावर काढली आणि सुनेने फोटो काढून पाठवला. खाली प्रश्न होता, 'बाबा विचारतात, बोल्ट चार दाखवायचे की दोन?' मायाने कळवलं, चार.

कुंदनने विचारलं, "शब्द आहे, मग चित्र कशाला? सजावट?"

मायाने कारण लिहिलं: 'पुढे कधी क्रम किंवा लेखन बदललं तरी बटण ओळखू यावं.' हे खरं होतं आणि पूर्ण होतं. कुंदनने खांदे उडवल्याचं चिन्ह टाकलं आणि बदल घेतला. हातभार लावणाऱ्यांच्या यादीत एक नाव वाढलं: पुंजाजी, चित्रं.

मार्च संपता संपता, विहिरी खोल जायला लागल्यावर, एका सकाळी श्याम सरांचा फोन आला. नेहमीसारखी सुरुवात नव्हती.

"माया, मोटरचा रकाना पाहिला का तू?"

"कोणत्या गावचा?"

"त्या पाच गावांचा."

तिने तक्ता उघडला. तीन वर्षं ज्या पाच गावांसमोर तो रकाना पांढरा होता, तिथे आता चालू, बंद, बंद, चालू असं उभं भरलेलं होतं. पाचही गावांत नोंदी एकाच आठवड्यात सुरू झाल्या होत्या. मायाने तारीख पाहिली. ती तिच्या ओळखीची होती: त्याच आठवड्यात बटणांवर चित्रं आली होती.

"कोणाले दम दिला का तू?" सरांनी विचारलं. पण त्यांच्या आवाजात विनोद नव्हता.

"नाही, सर."

"मग मी सांगून सांगून थकलो, तवा काहून…" ते थांबले. तिकडे वर्गात बाकं सरकल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. मायाने पट्टी उचलली आणि उगाच पुस्तकात खुणेसारखी ठेवली.

"बरं," सर म्हणाले. "माहा तास आहे आता."

दुपारी तिला 'ओल'कडून सूचना आली. श्याम सरांनी एक बदल केला होता आणि तो तपासायला तिचं नाव घातलं होतं. तिने तो उघडला. मार्गदर्शिकेतलं एकच वाक्य काढून टाकलं होतं, 'काही निरीक्षक' इथपासून पूर्णविरामापर्यंत. त्या जागी दुसरं काही घातलं नव्हतं.

तिने कारणाची चौकट पाहिली. ती रिकामी होती.

रिकामं कारण 'ओल' आपणहून घेत नाही. घ्यायला लावायचं असेल तर वेगळा हुकूम द्यावा लागतो, तोही अक्षर-अक्षर हाताने टाइप करून. सहा वर्षांत तो कुणी वापरला नव्हता; आज सरांनी वापरला होता.

मायाने ते पान पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तपासल्याची खूण केली.